बत्तीस इंच

"मापं घ्यायला कधी येतेस? आम्ही दोघी घरीच असतो," आई फोनवर म्हणाली. समोर एक नवराबायको नव्या स्वयंपाकघराच्या कपाटांचा रंग करडा घ्यायचा की फिका हिरवा, यावरून गेला अर्धा तास एकमेकांना टोचून बोलत होते. तिने हातानेच त्यांना 'एक मिनिट' असं सांगितलं आणि काचेच्या दाराबाहेर आली. आम्ही दोघी. शब्द साधे होते, पण ते तिला खटकले. "कुठल्या घराची मापं?" तिने विचारलं. "अगं, बारकीच्या. मी इकडेच आलेय आता राहायला. सामान परवाच हलवलं. तुला सांगणारच होतो, पण तू कामात असतेस." सांगणारच होतो. म्हणजे आधी दोघींनी बसून ठरवलं होतं, आणि तिला सांगायचं हेही ठरवलं होतं, फक्त ते राहून गेलं होतं. बारकी म्हणजे तिची धाकटी बहीण, चाळीस पूर्ण झालेली, तिच्यापेक्षा हातभर उंच, तरी घरात बारकीच. तिने गेल्या वर्षी दोन खोल्यांची जागा घेतली होती. 'येते शनिवारी' असं आईला म्हणून ती आत येऊन बसली. नवराबायकोचं अजून चाललंच होतं. तिने त्यांना करडा घ्या म्हणून सांगितलं, आणि ते इतक्या ठामपणे सांगितलं की दोघंही गप्प झाले.

घरी आल्यावर ती टोकाच्या खोलीत जाऊन उभी राहिली. ही खोली तिने दोन वर्षांपूर्वीच तयार करून ठेवली होती. पलंग खिडकीशी, उठताना धरायला भिंतीला लाकडी पट्टी, कपाटाच्या मुठी खांद्याच्या खाली, दिव्याचं बटण उशीपासून हात लांब केला की सापडेल असं. खोली आईची आहे असं ती कुणालाच म्हणाली नव्हती, आईला तर नाहीच. नवरा तिला 'ती खोली' म्हणायचा आणि तिथे इस्त्रीचे कपडे ठेवायचा. आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आई आठ दिवस या खोलीत राहिली होती. आठही दिवस आई स्वयंपाकघराच्या दारातून विचारायची, "हे फडकं भांड्यांचं ना? हा कप घेऊ का?" तिने आईच्या सोयीसाठी प्रत्येक ड्रॉवरवर आत काय आहे ते ठसठशीत अक्षरात लिहून लावलं होतं. एकदा आईने नवा तवा तारेच्या घासणीने घासून त्याचा थर पार काढून टाकला. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तसाच दुसरा तवा आणून जागेवर ठेवला, आईला कळूही नये म्हणून. आईला कळलं होतं. त्यानंतरचे तीन दिवस आईने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. बाहेर सोफ्याच्या कडेला बसून ती पेपर वाचायची, नाहीतर वाचल्यासारखं करायची. तेव्हा तिला वाटलं होतं, आईला किती आराम मिळाला.

शनिवारी बारकीने दार उघडलं तेव्हा आतून आईचा आवाज येत होता, चढलेला. "ताईला सांग, डबे उघड्यावर नकोत. तुला सगळं मांडून ठेवायला हवं, दुकान टाकल्यासारखं!" बारकी म्हणाली, "आणि हिला सगळं कोंबायला हवं. ताई, परवा साखरेच्या डब्यात बॅटरीचे सेल निघाले." "एकदाच!" आई म्हणाली. "दोनदा," बारकी म्हणाली, आणि दोघी हसायला लागल्या. आईच्या अंगात बारकीचा निळा स्वेटर होता, बाह्या दुमडलेल्या. ताईला बघितल्याबरोबर आईने हसू आवरलं, बाह्या नीट केल्या आणि म्हणाली, "ये, बस ना. चहा घेशील की कॉफी घेतेस हल्ली? साखर किती घालू?" साखर किती घालू. तिला जन्म देणाऱ्या बाईने तिला विचारलं, साखर किती. "एक," ती म्हणाली आणि बॅगेतून टेप काढली. लहानपणीही असंच होतं. बारकीला आई दिवसातून दहा वेळा ओरडायची, पाठीत धपाटे घालायची, आणि संध्याकाळी तिचीच वेणी घालत बसायची. ताईला आई कधी ओरडलीच नाही. ओरडण्यासारखं तिने काही केलंच नव्हतं. वही नीट, बूट नीट, बाबा गेल्यावर नववीतल्या मुलीने घर सांभाळलं तेही नीट. नातेवाईक तिचं कौतुक करायचे आणि आई मान डोलवायची. ती दुसऱ्या खोलीत अभ्यासाला बसली की भिंतीपलीकडून आईच्या रागावण्याचा आणि बारकीच्या उलट बोलण्याचा आवाज यायचा, आणि तिला आत कुठेतरी दुखायचं. तेव्हा तिला वाटायचं, आवाजाने डोकं दुखतंय.

भिंत अकरा फूट दोन इंच होती. एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला न्हाणीघराचं दार, आणि समोर जेमतेम सोफा आणि टेबल मावेल एवढी बैठकीची जागा. म्हणजे स्वयंपाकघर वेगळं असं नव्हतंच. ही भिंत हेच स्वयंपाकघर, आणि दारातून आलेल्या माणसाला पहिल्यांदा दिसणार तेही हेच. अशी कामं तिला खरं तर फार आवडायची. मोठं स्वयंपाकघर कुणीही करतं, चुका लपून जातात. एका भिंतीवर लपायला जागा नसते. तिने खिडकी मोजली, नळाची जागा मोजली, मीटर बॉक्स किती आत जातो ते मोजलं, कोपरा काटकोनात आहे का ते बघितलं. नव्हता. मग म्हणाली, "आई, चपला काढ. भिंतीला पाठ लावून उभी राहा. हात कोपरात वाकव." तिने आईचं कोपर हातात धरलं. ते थंड होतं, टोकाला खरखरीत, वरची कातडी मऊ आणि सैल, हाडावरून सरकणारी. आईला तिने शेवटचा हात कधी लावला होता ते आठवेना. ऑपरेशनच्या वेळी पायरी उतरताना धरलं होतं, पण ते बाहीवरून. आई श्वास रोखून उभी होती, शिंप्याकडे माप देताना राहतात तशी. "जमिनीपासून कोपर साडेछत्तीस इंच. त्यातून साडेचार वजा," ती मोठ्याने म्हणाली, "ओटा बत्तीस." बारकी म्हणाली, "मला ठेंगणा होईल तो." आई म्हणाली, "तू कुठे स्वयंपाक करतेस? तू फक्त मध्ये मध्ये करतेस." आणि पुन्हा दोघींचं सुरू झालं. तिने वहीत बत्तीस लिहिलं आणि त्याभोवती चौकोन काढला.

आराखडा तिने ऑफिसात बसून केला, तीन दुपारी. दाराच्या बाजूला फ्रिज, मग सिंक, मग कापायला अडीच फूट मोकळा दगड, मग शेगडी, आणि खिडकीशी दीड फुटाचा तुकडा, गरम पातेलं उतरवून ठेवायला. काढलं, धुतलं, चिरलं, शिजवलं: माणूस एका दिशेने सरकत गेला पाहिजे, मागे यावं लागता कामा नये. खाली दारांची कपाटं नकोत, सगळे खोल ड्रॉवर, म्हणजे आईला गुडघ्यावर बसून आत डोकं घालावं लागणार नाही. वर छतापर्यंत कपाटं, पण सिंकच्या वर एकच उघडी फळी, बारकीच्या डब्यांसाठी, पाच डबे मावतील एवढीच, म्हणजे भांडणही राहील आणि दुकानही होणार नाही. वरच्या कपाटाखाली लपवलेला दिवा, दगडावर उजेड पडेल आणि डोळ्यात जाणार नाही असा. खालचे ड्रॉवर शेवाळी, वरची कपाटं भिंतीच्याच रंगाची, म्हणजे जागा मोठी दिसेल. टाइल्स साध्या पांढऱ्या, हाताने केल्यासारख्या किंचित उंचसखल. काम करता करता तिला ते दिसायला लागलं. आई खिडकीशी उभी, बारकी सिंकशी, मधल्या अडीच फुटांत दोघींची कोपरं एकमेकींना लागतायत. चित्र इतकं बरोबर होतं की तिने माऊसवरचा हात काढून घेतला. आपण तेरा वर्षांत केलेलं सगळ्यांत चांगलं काम हे आहे, आणि यात आपल्याला उभं राहायला जागा नाही. भिंत दोघींची आहे. तिने उंचीच्या रकान्यावर बाण नेला, बत्तीस खोडलं आणि पस्तीस लिहिलं. लिहिताना मनात कारणं तयार होती. बारकी उंच आहे, घर तिचं आहे, बाजारातले सगळे ओटे चौतीस-पस्तीसच असतात. कारणं सगळी खरी होती. पण त्यांतल्या एकासाठीही तिने तो आकडा बदलला नव्हता.

काम नेहमीच्या सुताराकडे होतं. अकरा वर्षं ते तिच्याबरोबर काम करत होते आणि कामाशिवाय एक शब्द बोलत नसत. त्यांचा फोन आला. "मॅडम, वयस्कर बाईंसाठी आहे असं तुम्हीच म्हणाला होतात. पस्तीस लिहिलंय." "हो, पस्तीस," ती म्हणाली. पलीकडे थोडा वेळ रंध्याचा आवाज येत राहिला. "कपाटांना पाय सहा इंचांचे लावावे लागतील." "लावा." "बरं," ते म्हणाले. त्यांच्या त्या 'बरं'मुळे तिला दिवसभर कुणाशी नीट बोलता आलं नाही. फोन करून बदल सांगायला तिच्याकडे त्यानंतर सतरा दिवस होते. रोज सकाळी दात घासताना ती ठरवायची की आज सांगू, आणि मग आईचा निळ्या स्वेटरमधला चेहरा आठवायचा.

ओटा बसला त्या दिवशी ती गेली. सगळं कागदावर होतं त्याहून चांगलं दिसत होतं. शेजारणी बघून गेल्या होत्या. बारकी ड्रॉवर ओढायची आणि सोडायची, ते आपोआप हळूच आत जायचे आणि ती लहान मुलीसारखी हसायची. आई दगडापाशी उभी राहिली, चिरायला सुरी घेतली, आणि तिचे दोन्ही खांदे वर गेले, थंडी वाजल्यासारखे. तिला ते लगेच दिसलं. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. "कसं वाटतंय?" तिने विचारलं. तिला काय ऐकायचं होतं, कुणास ठाऊक. कदाचित आईने म्हणावं, नाही गं जमत इथे, तुझ्याकडेच येते. "छान झालंय हो," आई म्हणाली. "तू केलंस म्हणजे काय बघायचं." आई तिला 'हो' लावून बोलली होती. पुढच्या प्रत्येक फोनवर आई ओट्याचं कौतुक करत राहिली आणि प्रत्येक वेळी तिला ते कौतुक गालात मारल्यासारखं लागलं.

सव्वा महिन्याने बारकीचा ऑफिसात फोन आला. "ताई, आईचा हात भाजला. दूध उतू गेलं, तिला पातेल्यात दिसलं नाही, हात वर करून गॅस बंद करायला गेली आणि कडेला मनगट टेकलं. डॉक्टरांकडे जाऊन आलो, घाबरू नकोस." मग बारकीच हळू आवाजात म्हणाली, "माझ्यामुळेच झालं. मला ठेंगणा होईल असं मी म्हणाले, म्हणून तू उंच केलास ना? मी उगाच बोलले." फोनमधून बारकीचा श्वास ऐकू येत होता, सर्दी झाल्यासारखा. 'हो' म्हणायला काही लागणार नव्हतं. "मी येते," ती म्हणाली.

ती पोचली तेव्हा बारकी कामावर गेली होती. आई सोफ्यावर होती, मनगटाला पांढरी पट्टी. स्टूल ओढून ती समोर बसली. "आई, ओटा बत्तीसचा करायचा होता," ती म्हणाली. "माहितेय," आई म्हणाली. "तू म्हणालीस तेव्हा मी तिथेच उभी होते की. पस्तीस आहे हा. टेप आहे घरात." "कधी मोजलंस?" "बसवला त्याच दिवशी. तू गेल्यावर." बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती कर्कश पिपाणी वाजत होती. पिपाणी थांबल्यावर तिने विचारलं, "मग बोलली का नाहीस?" "तुला काय बोलणार." "बारकीला बोलतेस." "तिला बोललं की ती दोन बोलते, संपतं. तुला बोललं तर तू काही न बोलता नवा तवा आणून ठेवशील." तिच्या तोंडून हुंदका आला की हसू, ते तिलाच कळलं नाही. "तू माझ्याकडे का नाही आलीस?" तिने विचारलं. एवढं सरळ तिने आईला आयुष्यात काही विचारलं नव्हतं. आईने पट्टीची सैल झालेली कड आत खोचली. "तुझ्या घरात मी पाणी प्यायलासुद्धा विचारते." "कुणी सांगितलं विचारायला?" "कुणी नाही. माझं मलाच सुचतं तसं. तेच तर." मग आईचा आवाज एकाएकी चढला. "पण म्हणून असं करायचं? अक्कल गहाण टाकलीस का? एवढी शिकलीस, लोकांची घरं बांधतेस, आणि आईच्या ओट्यात खोट करून ठेवतेस? महिना झाला माझे खांदे उतरले नाहीत! रात्री कूस बदलता येत नाही मला, आणि तुला फोनवर काय सांगत होते, छान झालंय, छान झालंय!" आई बोलत राहिली. आईच्या मानेची शीर फुगली होती. ती मान खाली घालून ऐकत होती. तिचे कान तापले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आईने इतक्यात थांबू नये असं तिला वाटत होतं.

रविवारी ती सुताराबरोबर सकाळीच आली. सुतारांनी दगडाचे दोन्ही तुकडे उतरवून घेतले, नळवाल्याने सिंकचा पाइप कापला. कपाटांच्या पायांना आटे होते. फिरवले की पाय आत जातात. सुतार म्हणाले, "मी करतो, मॅडम," पण ती तोवर फरशीवर आडवी झाली होती. अठरा पाय, प्रत्येक तीन इंच. गाल फरशीला टेकलेला, कपाटाखाली हात, लाकडाच्या भुशाचा आणि ओल्या सिमेंटचा वास. बारकी शेजारी उकिडवी बसून टॉर्च धरत होती. "माझ्यामुळे तुला डबल काम," बारकी पुन्हा म्हणाली. तिला बारकीचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाय दिसत होते, लहानपणीसारखेच, अंगठ्याशेजारचं बोट लांब. "तुझ्यामुळे नाही," ती म्हणाली. "मी मुद्दाम केलं होतं. आई तुझ्याकडे आली म्हणून." टॉर्चचा उजेड हलला. "तिचा हात भाजला, ताई," बारकी म्हणाली. एवढंच. टॉर्च तिने फरशीवर ठेवली, बंद न करता, आणि आतल्या खोलीत गेली. उरलेले सात पाय ताईने त्या आडव्या उजेडात फिरवले.

दुपारी दगड पुन्हा बसला. बत्तीस. आता टाइल्सच्या खाली आणि दगडाच्या वर तीन इंचांचा उघडा पट्टा दिसत होता, करडं प्लास्टर, भिंतभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या टाइल्स बाजारात संपल्या होत्या. सुतार म्हणाले, लाकडाची पट्टी मारू. ती म्हणाली, दुसऱ्या रंगाच्या टाइल्सची ओळ लावू, मुद्दाम केल्यासारखी दिसेल. आई म्हणाली, "मुद्दाम केलेलं आता पुरे झालं. पट्टी मारा." सुतार पहिल्यांदाच हसले, मिशीतल्या मिशीत.

पट्टी लागली, सुतार गेले. दिवेलागणीला ती सोफ्यावर बसली. गिऱ्हाइकांना ती नेहमी सांगायची, एका भिंतीच्या स्वयंपाकघरात एकच गोष्ट मला सोडवता येत नाही. जो काम करतो त्याची पाठ बसलेल्याकडे असते. आई खिडकीशी बटाटे परतत होती. बारकी सिंकशी भाजी धूत होती. मधल्या दगडावर कपाटाखालचा दिवा पडला होता. आईचे खांदे खाली होते, अगदी खाली, सुटलेले. बारकी टॉर्च ठेवून गेल्यापासून ताईशी बोलली नव्हती आणि तिची पाठ ताठ होती. आई हळू आवाजात बारकीला काहीतरी म्हणाली, बारकीने डोकं हलवलं, आई पुन्हा म्हणाली, आणि बारकीची पाठ हसल्यासारखी हलली. काय म्हणाली ते इथे ऐकू आलं नाही. तेच जुनं दुखणं उठलं, जागच्या जागी, जराही कमी नाही. आपण सगळं कबूल केलं म्हणजे ते जाईल अशी तिची समजूत होती, असं तिच्या लक्षात आलं.

"निघते मी," ती म्हणाली आणि उठली. बारकीने मागे वळून पाहिलं नाही. आई नेहमी म्हणायची, असं कसं, जेवून जा, थांब ना थोडी, डबा देऊ का. तिने बूट घातले, पर्स खांद्याला लावली आणि त्या वाक्यांची वाट बघत दारापाशी उभी राहिली. आईने पातेल्यातून मान वर केली नाही. "निघालीसच आहेस तर तो कचरा घेऊन जा खाली," आई म्हणाली. "तुंबलाय. हिला दोन दिवस सांगतेय."

तिने सिंकखालचा ड्रॉवर ओढला. पिशवी जड होती, कांद्याची सालं, चहाचा चोथा, प्लास्टरचे तुकडे. गाठ मारताना खालून फाटली आणि तपकिरी पाणी तिच्या चांगल्या बुटावर टपकलं. "आई, ही गळतेय!" ती ओरडली. "मग पळ!" आई तिच्यावर ओरडली, "फरशी आत्ता पुसलीय!"

ती पिशवीखाली एक हात धरून, तीन मजले, जिना भरभर उतरत गेली.